जमीन नको, सोने मागा

प्रश्न : मी मूळची सांगलीची, वय 31. सिंगापूरला नोकरी करताना ओळख झालेल्या इंडोनेशियन सहकाऱ्याशी गेल्या डिसेंबरमध्ये सांगलीत विशेष विवाह कायद्याखाली माझे लग्न झाले. पती बोर्निओ बेटावरील मध्य कालिमांतान प्रांतातील न्गाजु दायाक या मूळनिवासी समाजाचे आहेत. त्यांचे गाव काहायान नदीच्या काठी, पालांका राया शहरापासून बोटीने तीनेक तासांवर आहे आणि तेथेच घर बांधून राहायचे आम्ही ठरवले आहे. पतींचे काका नदीला अगदी लागून असलेली जागा विकत द्यायला तयार आहेत. कागद म्हणून गावप्रमुखाच्या सहीचे एक पत्र आहे. माझे वडील 18 लाख रुपये देऊ करतात, पण जमीन माझ्या नावावर झाली पाहिजे, ही त्यांची अट आहे. ते शक्य नसेल तर जमीन नणंदेच्या नावावर घ्यावी आणि तिच्याकडून खासगी करार लिहून ठेवावा, असे एका नातेवाइकांनी सुचवले आहे. पती सोमवार ते शुक्रवार शहरात राहतील. वडिलांनी 2001 सालच्या दंगलीविषयी कुठेतरी वाचल्यापासून घरात काळजीचे वातावरण आहे. येत्या काही महिन्यांत गावी तेथील रिवाजाप्रमाणे आमचे पुन्हा लग्न लागणार आहे. मी काय करावे?

उत्तर : सप्रेम नमस्कार. तुमच्या पत्रातील सर्वांत महत्त्वाचे वाक्य तुम्ही अगदी शेवटी, जाता जाता लिहिले आहे. गावचे लग्न अजून लागायचे आहे, हीच तुमच्या हातातील सर्वांत मोठी गोष्ट आहे. तिच्याकडे येण्याआधी जमिनीचा विषय मोकळा करू, कारण तुमच्या वडिलांची अट जशी आहे तशी पूर्ण होणे इंडोनेशियाच्या कायद्यात शक्य नाही, आणि ती वाकड्या वाटेने पूर्ण करण्याचा प्रयत्न केला तर पैसे आणि जमीन दोन्ही जाण्याची शक्यता आहे.

इंडोनेशियात जमिनीच्या पूर्ण मालकीला ‘हाक मिलिक’ म्हणतात आणि 1960 च्या मूलभूत जमीन कायद्याच्या 21 व्या कलमानुसार ती केवळ इंडोनेशियाच्या नागरिकाला मिळते. तुम्ही भारतीय नागरिक आहात, तेव्हा हा मार्ग बंद आहे. त्याच कायद्याचे 26 वे कलम तुमच्या नातेवाइकांनी जरूर वाचावे. परकीय व्यक्तीकडे प्रत्यक्ष किंवा आडमार्गाने मालकी जावी म्हणून केलेला कोणताही व्यवहार त्या कलमाप्रमाणे मुळातच रद्दबातल ठरतो, जमीन सरकारजमा होते आणि दिलेली रक्कम परत मागता येत नाही. नणंदेच्या नावावर घेतलेल्या जमिनीचा गुप्त करार हा नेमका याच प्रकारात मोडतो. उद्या नणंदेशी बिनसले, किंवा तिच्याशी काहीही न बिनसता तिच्या पतीने वा मुलांनी हक्क सांगितला, तर तो कागद घेऊन न्यायालयात जाणे म्हणजे स्वतःविरुद्धचा पुरावा स्वतःच सादर करणे होय. हा विचार आजच सोडून द्या.

जमीन पतींच्या नावावर घेतली तर प्रश्न मिटेल, असे वाटणे साहजिक आहे. तेथेही एक मेख आहे. 1974 च्या विवाह कायद्याच्या 35 व्या कलमानुसार लग्नानंतर मिळवलेली मालमत्ता पती-पत्नी दोघांची सामाईक ठरते. वेगळा करार नसेल तर तुमच्या वडिलांच्या पैशांनी पतींनी विकत घेतलेल्या जमिनीत तुमचाही हिस्सा आहे असे कायदा मानतो, आणि तुम्ही परकीय असल्यामुळे तो हिस्सा एका वर्षात सोडून देणे बंधनकारक होते. परकीय व्यक्तीशी लग्न केलेल्या इंडोनेशियन स्त्री-पुरुषांना यापायी स्वतःच्या देशात घर घेणे वर्षानुवर्षे अवघड होऊन बसले होते. जपानी पतीशी विवाह केलेल्या एका इंडोनेशियन महिलेने हा विषय घटनात्मक न्यायालयात नेला आणि ऑक्टोबर 2016 मध्ये न्यायालयाने निर्णय दिला की संपत्ती विभक्त ठेवण्याचा करार लग्नाआधीच व्हायला हवा असे नाही, तो लग्नानंतरही करता येईल. तुमचे लग्न झालेले असले तरी वेळ गेलेली नाही, ती या निर्णयामुळे.

यासाठी सांगलीतील लग्नाची नोंद आधी इंडोनेशियाच्या नागरी नोंदणी कार्यालयात करून घ्या. परदेशात झालेल्या लग्नासाठी विवाह कायदा तिकडे परतल्यावर एका वर्षाची मुदत देतो, पण लोकसंख्या नोंदणीचा कायदा 30 दिवसांतच कळवायला सांगतो, तेव्हा थांबू नका. त्यानंतर नोटरीपुढे विभक्त संपत्तीचा करार करून त्याचीही नोंद त्याच कार्यालयात लावून घ्या. जमिनीचा एक रुपयाही त्याआधी कोणाच्या हातावर ठेवू नका. नोटरी पतींच्या कुटुंबाच्या ओळखीचा नसेल तर अधिक बरे, आणि करार तुम्हाला पूर्ण समजेल अशा भाषेतही लिहून घेण्याचा आग्रह धरा.

आता या कराराची दुसरी बाजूही स्पष्ट सांगितली पाहिजे, कारण ती सांगितल्याशिवाय दिलेला सल्ला अर्धवट राहील. संपत्ती विभक्त झाली की पती यापुढे जे कमावतील आणि घेतील त्यावर तुमचा पत्नी म्हणून आपोआप हक्क राहणार नाही. जमीन पतींची, आणि तुम्ही नोकरी सोडून नदीकाठच्या गावात राहणार, अशी ही स्थिती आहे. तुमच्या वडिलांची भीती अट म्हणून चुकीची असली तरी भीती म्हणून अगदी बरोबर आहे.

तिचे उत्तर मला कायद्याच्या पुस्तकापेक्षा न्गाजु लोकांच्या रिवाजात अधिक चांगले सापडते. माझ्या पतींच्या नोकरीनिमित्त मी काही वर्षे पालांका राया येथे राहिले आहे आणि तेथे ज्या लग्नांना गेले, त्यांत वराकडून वधूपक्षाला द्यायच्या गोष्टींची यादी सर्वांसमक्ष एकेक करून मांडली जात असे. तिला ‘जालान हादात’ म्हणतात. ख्रिस्ती आणि काहारिंगान, दोन्ही धर्मांच्या न्गाजु घरांत ही प्रथा पाळली जाते. (काहारिंगान हा त्यांचा मूळ धर्म. 1980 पासून सरकारदरबारी त्याची गणना हिंदू धर्मात होते, हे तुमच्या आजीला सांगितलेत तर घरातील निम्मी काळजी कदाचित तेथेच मिटेल.) या यादीतील सर्वांत वजनदार बाब म्हणजे ‘पालाकु’. ती वधूची स्वतःची असते, संसाराचे भांडवल आणि संकटकाळचा आधार म्हणून दिली जाते, आणि बहुधा जमिनीच्या किंवा सोन्याच्या रूपात ठरते. आपल्याकडच्या स्त्रीधनाच्या कल्पनेशी तिचे जवळचे नाते आहे. सोबत एक विवाहपत्रही लिहिले जाते, त्यावर दोन्हीकडच्या ज्येष्ठांच्या आणि साक्षीदारांच्या सह्या असतात, आणि ज्याच्या दोषाने संसार मोडेल त्याने काय भरायचे हे त्यात नमूद केलेले असते.

तुमच्या सासरच्या मंडळींनी कौतुकाने पालाकु म्हणून जमिनीचा तुकडा देऊ केला, तर नम्रपणे नकार द्या आणि सोने मागा. जमीन तुमच्या नावावर होऊ शकत नाही, त्यामुळे रिवाजाने तुमची झालेली जमीन कायद्याने कोणाचीच धड राहणार नाही. सोने तुमचेच राहील आणि गरज पडली तर शहरात जाऊन मोडता येईल. मागताना संकोच वाटेल हे मी जाणते. आपल्याकडे मुलीने सासरी काही मागणे वाईट दिसते आणि वरपक्षाने मागितलेले मात्र चालते. न्गाजु घरात उलट आहे. वधूपक्षाने पालाकुबद्दल विचारले नाही तर मुलीची कोणाला फिकीर नाही, असा अर्थ निघू शकतो. तेव्हा तुमच्या वडिलांनी स्वतः लग्नाला जावे, पतींच्या ज्येष्ठांबरोबर बसावे आणि हा विषय तेथील मांतिरांसमोर, म्हणजे रिवाजाचे जाणकार असलेल्या पंचांसमोर काढावा. 18 लाखांवर अट घालण्यापेक्षा त्या बैठकीत त्यांनी बोललेले चार शब्द तुमच्या अधिक उपयोगी पडतील.

वडिलांची रक्कम जमिनीत न घालता घरात घाला. इंडोनेशियाच्या कायद्यात जमीन आणि तिच्यावरील इमारत यांची मालकी वेगवेगळी असू शकते, आणि विभक्त संपत्तीच्या करारात ‘घर पत्नीच्या पैशांतून बांधले असून तिचे आहे’ असे कलम नोटरीकडून घालून घेता येते. लाकडाच्या, मजुरीच्या, पत्र्याच्या सर्व पावत्या तुमच्या नावाने ठेवा. पुढे पतींच्या नावे हाक मिलिकचे प्रमाणपत्र निघाले की त्या जमिनीवर तुमच्या नावे ‘हाक पाकाई’, म्हणजे मुदतीचा वापरहक्क, नोंदवून घेण्याचीही सोय आहे. त्यासाठी तुमच्याकडे निवास परवाना हवा आणि दस्त जमीनव्यवहारांच्या अधिकृत दस्तलेखकाकडूनच व्हायला हवा.

जमीन पतींना काकांकडून विकत मिळण्यापेक्षा सासऱ्यांकडून बक्षीस किंवा वारसा म्हणून मिळाली तर उत्तम. विवाह कायद्यानुसार अशी मालमत्ता करार नसला तरी ज्याची त्याचीच राहते. तुमच्या सासऱ्यांची गावात दुसरी जागा आहे का, हे तुम्ही लिहिलेले नाही. ते आधी विचारा, कारण काकांच्या जागेविषयी माझे मत चांगले नाही.

पहिली अडचण कागदाची. गावप्रमुखाच्या सहीचे जे पत्र काकांकडे आहे, ते ताबा सांगणारे पत्र आहे, मालकीचे प्रमाणपत्र नव्हे. सातबारा म्हणजे मालकी नव्हे हे आपल्याकडे वकील सांगून सांगून थकतात, तसाच हा प्रकार, फक्त सातबाऱ्याइतकीही शिस्त त्याला नाही. एकाच तुकड्यासाठी दोन प्रमुखांनी दोन काळात दोघांना पत्रे दिल्याची प्रकरणे तेथे नवी नाहीत. मध्य कालिमांतानात दामांग, म्हणजे परगण्याचा रिवाजप्रमुख, वहिवाटीच्या जमिनीचे आणखी एक पत्र देतो. ते असेल तर शेजाऱ्यांची संमती आणि वंशावळ निदान तपासली गेली आहे असे समजता येते, पण तेही प्रमाणपत्र नव्हे. शिवाय त्या प्रांताचा मोठा भाग सरकारी नकाशावर वनक्षेत्र आहे, आणि वनक्षेत्रातील जमिनीला कितीही सह्यांचे पत्र असले तरी हाक मिलिक मिळत नाही. म्हणून पतींनी जागेचे अक्षांश-रेखांश घेऊन जिल्ह्याच्या भूमी कार्यालयात जावे आणि ती जागा वनक्षेत्राबाहेर आहे ना, तिच्यावर कोणाचे प्रमाणपत्र आधीच निघाले आहे का, हे विचारावे.

दुसरी अडचण नदीची, आणि सांगलीच्या मुलीला ती समजावण्याची गरज पडू नये. 2019 मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा 57 फुटांच्या वर गेली तेव्हा निळ्या आणि लाल पूररेषांचे महत्त्व सगळ्या शहराला एकदम पटले होते. इंडोनेशियात 2015 च्या नियमांनुसार शहराबाहेर, काठाला बांध नसलेल्या आणि 500 चौरस किलोमीटरपेक्षा मोठे पाणलोट क्षेत्र असलेल्या नदीच्या काठापासून 100 मीटरचा पट्टा नदीसाठी राखीव धरला जातो. काहायान त्याहून कितीतरी मोठी नदी आहे. गावातील जुनी घरे याच पट्ट्यात उभी आहेत हे खरे, कारण ती नियमाच्या आधीची आहेत आणि नदी हाच तेव्हाचा रस्ता होता. पण त्या पट्ट्यात आज घेतलेल्या जागेला पक्के प्रमाणपत्र मिळेल, यावर तुमच्या वडिलांचे 18 लाख लावू नयेत.

नदीकडे तोंड केलेल्या घराचा मोह मला कळतो. संध्याकाळी पाण्यावर येणारा तो तांबूस उजेड मीही पाहिला आहे. तरीही जागा काठामागच्या रस्त्यापलीकडे घ्या. वळणाच्या बाहेरच्या बाजूचा काठ दरवर्षी खचतो आणि आतल्या बाजूला गाळ साचतो. काकांची जागा कोणत्या बाजूला आहे, हे नकाशावर एका नजरेत दिसेल, आणि बाहेरच्या बाजूला असेल तर ती स्वस्तात का मिळते आहे तेही समजेल. तेथील पूर आपल्या कृष्णेसारखा दोन दिवसांत चढून आठवड्यात उतरत नाही. नदीचा उतार फार कमी असल्यामुळे पाणी सावकाश चढते आणि कित्येकदा आठवडेच्या आठवडे राहते. घर खांबांवरच बांधावे लागेल. खांब उलिनचे, म्हणजे बोर्निओच्या लोहकाष्ठाचे घ्या. महाग पडतील, पण हे लाकूड पाण्यात आणि चिखलात पिढ्यान्‌पिढ्या टिकते आणि जुन्या घराचे उलिन उतरवून पुन्हा वापरले किंवा विकले जाते. ‘घर पत्नीचे’ या कलमाला त्यामुळे खरोखरीची किंमत येते.

आता सुरक्षिततेविषयी. वडिलांनी वाचलेली घटना खरी आहे. फेब्रुवारी 2001 मध्ये साम्पित येथे दायाक आणि मादुरा बेटावरून आलेले मादुरी स्थलांतरित यांच्यात सुरू झालेला हिंसाचार प्रांतभर पसरला, शेकडो माणसे मारली गेली आणि एक लाखाहून अधिक लोक परागंदा झाले. ती गोष्ट झाकून ठेवण्यात अर्थ नाही. मात्र तुम्ही तेथे परक्या वस्तीच्या म्हणून जात नसून एका घराची सून म्हणून जात आहात, आणि न्गाजु लोक हा फरक फार बारकाईने पाळतात. त्यांच्यात ‘बेलोम बाहादात’ असा शब्दप्रयोग आहे, रिवाज धरून जगणे असा त्याचा अर्थ. भांडण झाले, शिवी दिली गेली, कोणाच्या शेताची खूण ओलांडली गेली, तर दामांगापुढे बसून ‘सिंगेर’ नावाचा दंड ठरतो आणि तो भरला की विषय संपतो. या रिवाजांना फार जुना आधार आहे. 1894 मध्ये काहायानच्याच उगमाकडील तुम्बांग आनोई या गावी बोर्निओतील दायाक टोळ्यांचे प्रमुख जमले होते, शिरच्छेदाच्या मोहिमा थांबवायचे ठरले आणि रिवाजाची 96 कलमे मान्य झाली. तुम्हाला यातून घ्यायचे ते एवढेच की वाद झाल्यास आधी पोलीस ठाण्यात किंवा समाजमाध्यमावर न जाता मांतिरांकडे जायचे. अपवाद मारहाणीचा. तेथे 110 हा पोलिसांचा क्रमांक लावायला कोणाचीही परवानगी विचारू नका.

पती शहरात असताना तुम्ही त्या घरात एकट्या झोपू नये, निदान पहिले वर्षभर. चोर येईल म्हणून नव्हे. भाषा न येणाऱ्या नव्या सुनेला रात्री ताप भरला, साप निघाला किंवा शेजारी आग लागली, तर कोणाला कशी हाक मारायची हेच कळत नाही. सासूबाईंना किंवा एखाद्या भाचीला सोबत ठेवा. पोहोचल्याच्या दिवशी वस्तीच्या प्रमुखाकडे, म्हणजे ‘एर्‌ ते’कडे, पारपत्र आणि निवास परवाना घेऊन नोंद करा. पाहुण्याने चोवीस तासांत वर्दी द्यावी, अशा पाट्या तेथे गल्लोगल्ली असतात. आपल्याला ती पाळत वाटते, पण संकटात पहिला दिवा घेऊन धावणारा माणूस तोच असतो. भाषेची फार धास्ती घेऊ नका. गावाला ‘देसा’, नवऱ्याला ‘सुआमी’ आणि बायकोला ‘इस्त्री’ म्हणणारी इंडोनेशियन भाषा तुम्हाला सहा महिन्यांत येईल. दिशा मात्र नव्याने शिकाव्या लागतील. ‘न्गाजु’ या शब्दाचाच अर्थ नदीच्या वरच्या अंगाचा, आणि घर, दुकान, माणूस, सर्व काही तेथे वरच्या किंवा खालच्या अंगाला असते. मी पूर्व-पश्चिम विचारत असे तेव्हा लोक माझ्याकडे दयेने पाहत.

मला स्वतःला चोरीपेक्षा आगीची भीती अधिक वाटते. घरे लाकडाची, एकमेकांना खेटलेली, खाली बोटीसाठी बाटल्यांत आणि डब्यांत साठवलेले पेट्रोल, स्वयंपाकघरात गॅसची छोटी हिरवी टाकी. तुमच्या घराखाली इंधन ठेवू द्यायचे नाही, हे पहिल्याच दिवशी दीर-जावांना गोडीने सांगा आणि पाणी उपसायचा एक पंप घराच्या अंदाजपत्रकात धरा. बोटीत जीवरक्षक जाकीट घालणे तेथे हसण्याचा विषय आहे. हसू द्या. अंधार पडल्यावर नदीवर निघू नका, कारण वाहून आलेले ओंडके पाण्याच्या पातळीखाली असतात आणि दिसत नाहीत.

नदीचे पाणी पिऊ नका, उकळूनही नाही. काहायानवर सोने उपसण्याचे तराफे वर्षानुवर्षे चालत आले आहेत आणि त्या कामात पारा वापरला जातो. पारा उकळून जात नाही. पिण्यासाठी शहरातून येणारे कॅनचे पाणी आणि इतर वापरासाठी पावसाचे साठवलेले पाणी, अशी व्यवस्था करा, आणि मूल होऊ देण्याचा विचार असेल तर नदीतील मोठे शिकारी मासे टाळा. ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये वाळलेल्या दलदली पेटतात. 1995 नंतर दहा लाख हेक्टरांवर भातशेती करण्याच्या सरकारी योजनेत कालवे खणून ओल्या दलदलींतील पाणी काढले गेले, त्याचे हे फळ. 2015 साली पालांका रायात काही आठवडे समोरचा माणूस दिसत नव्हता. त्या काळात बाळ किंवा दम्याचा रुग्ण घरात असेल तर सरळ सांगलीला या.

मुलाविषयी एक शब्द, कारण वडील तो विचारतीलच. पतींच्या पश्चात जमीन तुमच्याकडे वारशाने आली तर ती तुम्हाला एका वर्षात इंडोनेशियन नागरिकाकडे द्यावी लागेल. मूल इंडोनेशियाचे नागरिक असेल तर ती त्याच्याकडे जाऊ शकते. पतींनी मृत्युपत्र करून ठेवावे, आणि ते विभक्त संपत्तीच्या करारासोबत त्याच नोटरीकडे त्याच दिवशी करावे म्हणजे पुढे ढकलले जाणार नाही.

जागा पाहायला उन्हाळी सुट्टीत जाऊ नका. नोव्हेंबर ते एप्रिल या पावसाळ्यात, पाणी चढलेले असताना जा, आणि गावातील सर्वांत जुन्या घराच्या खांबांवर पुराच्या ओळी कुठपर्यंत आहेत ते सासूबाईंना दाखवायला सांगा. तुमच्या घराचा फळ्यांचा तळ त्यातील सर्वांत वरच्या ओळीच्या निदान हातभर वर असू द्या. खुंटी त्यानंतरच ठोका.